उणे चारची बाग

बाई आमचं नवं घर बघायला आल्या त्या सकाळी साडेसहाला. घरात पाऊलही न टाकता बाजूच्या बोळातून थेट मागच्या अंगणात गेल्या आणि तिथे त्यांनी उदबत्ती लावली. मी गाऊनवर मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, जाकीट चढवून स्वयंपाकघराच्या दारात कुडकुडत उभी होते. मला वाटलं, आम्ही वास्तुशांत केली नाही हे बाईंच्या कानावर गेलं असणार. म्हणून मी आपले हात जोडले.

“हात काय जोडतेस? धूर बघ, धूर!”

धूर वीतभर वर गेला, वाकला, आणि गवताला घासत सरपटत मागच्या लाकडी कुंपणापर्यंत जाऊन तिथेच घुटमळायला लागला. बाई गुडघ्यावर बसून बघत होत्या. साडीवर रोपवाटिकेतला जुना हिरवा अंगरखा, पायात गमबूट, केसांत माती.

“बघितलंस? थंड हवा पाण्यासारखी असते. उताराने वाहते आणि अडली की साचते. तुझ्या कुंपणापाशी थंडीचं डबकं आहे.”

“पण बाई, इथे उतार कुठे? हा देश म्हणजे पोळपाट!”

“पोळपाटावर पाणी सांड. कुठेतरी जातंच की नाही?”

 शेजारचे डच आजोबा खिडकीतून सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अगदी नम्रपणे विचारलं, की तुमच्या धर्मात गवताची पूजा असते का. मी हो म्हणून टाकलं. समजावत कोण बसणार!

हे सगळं दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण निघाली की मला आधी हसू फुटतं आणि मग बाकीचं येतं. नेदरलँड्समधलं आमचं पहिलं वर्ष त्यांच्याच घरी गेलं, बाडहूव्हडॉर्पला, वरच्या मजल्यावर भाड्याने. विमानतळ इतका जवळ, की फोडणीत मोहरी तडतडली की नाही ते ऐकून नाही, बघून ठरवावं लागायचं. बाईंना त्या आवाजाचं काही वाटायचं नाही. त्यांचा स्वतःचा आवाजच विमानाच्या वरचा होता.

त्या मूळच्या निफाडकडच्या. वडिलांची द्राक्षबाग होती, आणि निफाडची थंडी तर आपल्याकडे नावाजलेलीच. पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि धूर कुठे जातो त्यावर नजर ठेवायची, हे लहानपणी बाईंचं काम. लग्न करून इथे आल्या. नवरा पाच वर्षांत दुसरीकडे संसार थाटून बसला. त्याच्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या, “भिंतीशी लावलेलं झाड होतं ते. जरा ऊन लागलं की उघडलं.” मग त्या बॉस्कोपच्या बाजूला एका रोपवाटिकेत कलमं बांधायला लागल्या आणि तिथेच तीस वर्षं राहिल्या. त्यांना काकू म्हटलेलं खपायचं नाही. “मी तुझ्या कुठल्या काकाची बायको?” म्हणून सगळ्यांनी बाईच म्हणायचं.

माणसांचीही त्या झाडांसारखी वर्गवारी करायच्या. मी लवकर फुलणारी. “जरा कुणी गोड बोललं की फुललीस. म्हणून मार खातेस.” मिलिंद उशिराचा, पण पक्का. आडनावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून ज्या गावात राहतो ते आपलं आडनाव. आम्ही नीउ-व्हेनेपकर झालो ते घर घेतल्याच्या दिवसापासून. एक जोडपं झूटरमेरकर, एक हूफ्डॉर्पकर. फोनवर हॅलो वगैरे नाही, एकदम मुद्दा. एकदा ऑफिसात मीटिंग चालू असताना माझा फोन वाजला आणि पलीकडून, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात, “तुझ्या घराला सकाळचं पहिलं ऊन कुठे लागतं?” माझा डच साहेब खुर्चीत दचकला.

कारण बाई म्हणजे इथल्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींच्या प्लमचं वधूवरसूचक मंडळ होत्या! इथे घर घेतलं की मागे हातरुमालाएवढं अंगण मिळतं, आणि अंगण मिळालं की प्रत्येकाला फळझाड लावायची हुक्की येते. सफरचंद सगळेच लावतात, म्हणून आपण प्लम. आलुबुखार हो, आपला! मग बाईंना फोन. “बाई, कुठला प्लम लावू?” त्यावर बाई जातीचं नाव कधी सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, “आधी स्थळ सांगा.” कुंपण फटीचं की सलग? जवळ पाणी आहे का? शेजाऱ्याच्या मॅग्नोलियाची फुलं कधी तपकिरी पडतात? रेडिओवर हवामान सांगतात त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “ते दीड मीटर उंचीवरचं सांगतात. जमिनीशी काय चाललंय ते त्यांच्या बापाला माहीत आहे का?”

त्यांचं म्हणणं साधं होतं. या देशात हिवाळा झाडाला मारत नाही. मारतो तो एप्रिल. दुपारी ऊन पडतं, झाडाला वाटतं आलाच उन्हाळा, ते फुलतं, आणि मग एका पहाटे पारा शून्याच्या खाली. इथले लोक त्याला नाख्टव्होर्स्ट म्हणतात, रात्रीचं गोठणं. फूल उघडलेलं असताना उणे दोन झालं की गाभा काळा पडतो. पाकळ्या तशाच पांढऱ्याशुभ्र, वरून कळतही नाही! फळ मात्र गेलं. “म्हणून उशिरा फुलणारं घ्यायचं. आणि एकट्याने फळणारं घ्यायचं, कारण थंडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, जोडी जमवणार कोण? आणि पूर्वेच्या भिंतीशी कधी लावायचं नाही. गोठलेल्या फुलावर झपकन ऊन पडलं की होता नव्हता जीवही जातो. फोटो बघून झाड घेणारी माणसं आणि फोटो बघून मुलगी करणारी माणसं, दोघंही नंतर माझ्याकडे रडत येतात.”

आणि मी काय केलं असेल? फोटो बघून झाड घेतलं! बाईंना न विचारता, घर घेतल्या घेतल्या, ऑक्टोबरातच. दुकानातल्या पाटीवर लिहिलं होतं, सगळ्यात लवकर फुलणारा जपानी प्लम, मार्चअखेर. मार्चअखेर म्हणजे आपला पाडवा! इथे गुढीला कडुलिंब कुठून आणणार, साखरेची गाठी कुठून आणणार? निदान दारच्या झाडाची फुलांची डहाळी तरी! मला इतका आनंद झाला की मी ते झाड ट्रॉलीत आडवं घालून पार्किंगमधून अक्षरशः धावत नेलं. मार्चात, उदबत्तीच्या त्या सकाळी, बाईंना ते दिसलंच. कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या.

“ही कोण?”

मी पाडव्याचं सांगितलं. बाईंनी कळी दोन बोटांत धरली. “हिला लग्नाची फार घाई. तुला फूल बघायचंय की फळ खायचंय?”

“दोन्ही.”

“मग फूल बघून घे.”

पाडव्याला झाड असं फुललं, असं फुललं, की मी ऑफिसला दांडी मारली! गुढीला डहाळी बांधली, पन्नास फोटो काढून आईला मेल केले. दहा-बारा दिवसांनी पहाटे गवत पांढरं झालं आणि माझं झाड आतून संपलं. पण त्या वेळेपर्यंत मला त्या झाडाचं दुःख करायला फुरसतच नव्हती. मी बाईंच्या झाडासाठी वेडी झाले होते.

बाईंचं असं एकच झाड होतं. त्याला जात नव्हती, नाव नव्हतं. रोपवाटिकेत फेकलेल्या कोयींच्या ढिगाऱ्यात आपोआप उगवलेलं एक रोप बाईंनी पाहिलं. भोवतालचे सगळे प्लम फुलून झडले तरी हे गप्प. सगळ्यांचं झालं की मग हे उघडायचं, मे महिन्यात! बाई नाचत मुकादमाकडे गेल्या, की हे बघा, हे थंडीला चकवतंय. मुकादम डच, खडूस, पण झाडांतला दर्दी. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, सावलीत आहे म्हणून उशिरा उठतंय, उघड्यावर लावलं की इतरांसारखंच फुलेल आणि इतरांसारखंच गोठेल, टाकून द्या. बाईंनी टाकलं नाही. घरी आणलं, मोठ्या लाकडी पिंपात वाढवलं. त्याला बारा वर्षं झाली होती. आम्ही वर राहत होतो तेव्हा खिडकीतून मी ते फुललेलं बघितलं, आणि सप्टेंबरात त्याचे प्लम खाल्ले. काय सांगू! साल जांभळी, आत मधाचा रंग, आणि रस कोपरापर्यंत.

तर त्या संक्रांतीला बाईंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता जाहीर केलं, की त्या उन्हाळ्यात घर सोडणार. गुडघे बोलायला लागले होते. झूटरमेरला म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली होती. बाल्कनी होती, अंगण नाही. “झाड द्यायचंय. पण मी बाग बघून देणार.” आणि त्यांनी तीन घरांना तीन थर्मामीटर दिले, झूटरमेरकर, हूफ्डॉर्पकर आणि आम्ही. त्या थर्मामीटरची गंमत अशी, की रात्री पारा सगळ्यात खाली जिथे जातो तिथे एक बारीक काडी अडकून राहते. सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं. भिंतीपासून लांब, गुडघ्याच्या उंचीवर लावायचा, एप्रिल महिनाभर.

झालं! मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घरात जे होतं ते तिन्ही घरांत झालं. बाई बाग बघायला येणार म्हणून तिन्ही ठिकाणी कांदेपोहे. वर ओलं खोबरं, तेही कुठून कुठून मिळवलेलं. मी गवत कापलं, शेड रंगवली, कुंपणाच्या खालच्या दोन फळ्या मिलिंदकडून काढून घ्यायला निघाले होते, साचलेली थंडी वाहून जावी म्हणून. तो म्हणाला, शनिवारी बघू. उशिराचा ना! बाईंनी तिन्हीकडे पोहे खाल्ले, तिन्हीकडे म्हणाल्या, “पोहे चांगले झालेत. कळवते.”

आणि एप्रिल आला. पहिल्या सकाळी मी थर्मामीटर बघितला, उणे चार.  उणे चारच्या बागेत कोण आपलं झाड देईल? मी वहीत लिहिलं, उणे एक. दुसऱ्या दिवशी उणे तीन होतं, मी लिहिलं शून्य. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायचा पगार घेणारी मी, घरी बसून आकडे शिजवत होते! मिलिंद चहा पिता पिता वहीत डोकावला आणि म्हणाला, “अगं, हे खोटं आहे.” मी म्हटलं, “स्थळ सुचवताना जरा वाढवून सांगतातच.”  दुसऱ्या दिवसापासून त्याने वहीकडे बघणं सोडलं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बाईंनी आम्हा तिन्ही घरांना बोलावलं. घरात खोकी भरलेली, खुर्च्या कमी, आम्ही खोक्यांवर बसलो. बाईंनी चष्मा लावला आणि तिन्ही वह्या वाचल्या. झूटरमेरकरांचा सगळ्यात खालचा आकडा अधिक एक. हूफ्डॉर्पकरांचा शून्य. माझा उणे एक. बाईंनी वह्या मिटल्या.

“म्हणजे फुलं गोठतील असं कुठेच झालं नाही?”

“नाही!” आम्ही सगळे एका सुरात.

झूटरमेरकर तर पुढे सरसावले. “बाई, आमच्याकडे एप्रिलात तुळस बाहेर होती. आणि तुम्ही आता आमच्याच गावात येताय. रोज या, रोज बघा!”

बाईंनी चष्मा काढून वह्यांवर ठेवला.  मग हळूच म्हणाल्या, “न्या तुम्हीच. कुठेही गेलं तरी आता सारखंच.”

ते ‘सारखंच’ मला लागलं. “सारखंच कसं, बाई?”

“अगं, उबदार बाग हवी असती तर माझी काय वाईट होती? चहूबाजूंनी भिंती, इथे फुलं कधी गोठतच नाहीत. बारा वर्षं ते फळतंय, पण त्याने काय सिद्ध झालं? मुकादम म्हणाला तेच खरं असेल. मला सगळ्यात थंड बाग हवी होती! जिथे दुसरं काही टिकत नाही, तिथे हे टिकतं का ते बघायचं होतं. मला वाटलं, तिघांत एकाची तरी बाग थंड निघेल. तुझ्याकडे तर धूर साचला होता, पण आकडा उणे एकच! आता त्या तिसऱ्या मजल्यावर मी काय, बाल्कनीत बर्फ पेरू?”

मी मिलिंदकडे बघितलं. मिलिंद छताकडे बघत होता. आणि मी खोक्यावरून उठून ओरडलेच, “बाई, माझी उणे चार! मी खोटं लिहिलं! उणे चार आहे माझी बाग!”

 आणि मग काय झालं सांगू? झूटरमेरकर उठले. “आमचीही उणे तीन होती, थर्मामीटर स्वयंपाकघराची गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याखाली लावला होता!” हूफ्डॉर्पकरीणबाई म्हणाल्या, “आमची उणे पाच!” त्यांचे यजमान म्हणाले, “एकदा तर सहा!” दोन मिनिटांपूर्वी ज्यांच्याकडे तुळस बाहेर होती त्यांच्याकडे आता नळ फुटायला लागले!

बाईंनी वही खोक्यावर आपटली. “गप बसा सगळे! आत्तापर्यंत उन्हाळा विकत होतात, आता बर्फ विकायला लागलात! वह्या घाला चुलीत. मला फांद्या दाखवा.”

आणि त्याच दुपारी त्या आपली जुनी व्हॅन काढून निघाल्या. पुढे बाई, मागे आमच्या तीन गाड्या, ही अशी वरात! झूटरमेरला नाशपातीला बारीक फळं धरलेली निघाली. बाई म्हणाल्या, “उणे तीन म्हणे.” हूफ्डॉर्पला चेरी हिरवीगार, उणे सहाच्या यजमानांनी मान खाली घातली. शेवटी आमच्याकडे. हायड्रेंजियाचे नवे कोंब काळेठिक्कर. शेजारच्या आजोबांच्या मॅग्नोलियाचा चहाचा चोथा झालेला. माझ्या जपानी प्लमवर एक फळ नाही. “फळ न धरायला दुसरी कारणंही असतात,” असं म्हणत बाईंनी फांदीच्या बेचक्यात अडकलेलं एक वाळकं फूल शोधलं आणि नखाने उभं चिरलं. आत काळा ठिपका. त्यांनी दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. सगळी काळी.

“मेली! सगळीच्या सगळी मेली!” बाईंनी दोन्ही हातांनी माझे गाल धरले. माझ्या झाडाचं वाटोळं झालेलं बघून कुणाला इतका आनंद झालेला मी बघितला नव्हता, आणि मीही त्यांच्याबरोबर उड्या मारत होते! मग एकदम थांबल्या. “खोटं का लिहिलंस?”

“झाड हवं होतं, बाई.”

“मुलगी मिळावी म्हणून पगार फुगवून सांगतात तसं?”

“हो.”

“मग आता नांदव नीट.”

बाईंनी घर सोडलं तरी नव्या मालकांनी पिंप तिथेच राहू दिलं, आणि नोव्हेंबरात पानं गळाल्यावर झाड आमच्याकडे आलं. बाईंनी ते मागच्या कुंपणापाशी, बरोबर त्या थंडीच्या डबक्यात लावायला लावलं. मिलिंदने विचारलं, निदान चार हात पुढे घेऊया का? बाई म्हणाल्या, “परीक्षेला बसवायचं तर पेपर सोपा कशाला काढायचा?”

तो पुढचा वसंत मी जन्मात विसरणार नाही. रोज सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरून फोन. “किती?” मी दशांशासकट खरं सांगायची. एप्रिलात उणे तीन झालं, दोनदा. माझा जपानी प्लम पुन्हा फुलून पुन्हा गेला. बाईंचं झाड कळ्या मुठीत आवळून ढिम्म उभं. मी रोज त्याला सांगायची, थांब हं, अजिबात उघडू नकोस, कोण काय म्हणेल तिकडे लक्ष देऊ नकोस! मे लागला आणि चार-पाच तारखेला ते उघडलं. एकदम, सगळंच्या सगळं. मी ऑफिसातून बाईंना फोन केला आणि बोलताच येईना, नुसती हसत होते.

पण बाई हसल्या नाहीत. मेच्या मध्यावर इथे चार संतांचे चार दिवस येतात, बर्फाचे संत म्हणतात त्यांना. ते गेल्याशिवाय डच माणूस टोमॅटोचं रोपसुद्धा बाहेर काढत नाही. बाई पिशवी घेऊन त्या चार दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आल्या. मी म्हटलं, चादर टाकूया का झाडावर? “खबरदार!” दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली आले तर बाई अंगणात शाल गुंडाळून उभ्या. गवत पांढरं. थर्मामीटरची काडी उणे दोनच्या जरा खाली. पूर्ण उघडलेली फुलं आणि उणे दोन!

आता नखाने एक फूल चिरलं की कळणार होतं. मी म्हटलं, “बाई, बघा ना.” त्यांनी हात पुढे केला. फूल दोन बोटांत धरलं. आणि सोडलं.

“नको गं. राहू दे.”

ज्या बाईने आयुष्यभर हजारो फुलं चिरली, तिला ते एक चिरवेना. चहाही न पिता त्या पिशवी घेऊन पहिल्या बसने निघून गेल्या. पुढचे दोन आठवडे सातचा फोन आलाच नाही. मीही केला नाही, आणि झाडाजवळही गेले नाही. पाकळ्या गळून पडलेल्या खिडकीतून दिसत होत्या, तेवढंच. मिलिंद म्हणाला, जाऊन बघ तरी. मी म्हटलं, त्यांच्याशिवाय नाही.

मेअखेरीस मी स्वतःच गाडी घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले.  त्या कुंपणापर्यंत गेल्या, चष्मा वर केला, एक फांदी खाली ओढली. वाटाण्याएवढी हिरवी फळं. दुसरी फांदी ओढली, तिच्यावरही. मी मोठ्याने मोजायला लागले, अकरा, बारा, सतरा, मग मोजणंच सोडलं! बाई झाडाचं खोड धरून उभ्या राहिल्या.

“मी चुकले नव्हते गं,” त्या म्हणाल्या. “मी चुकले नव्हते.” मी रडत होते. त्या नव्हत्या. “फोन दे तुझा.”

त्यांनी अंगरख्याच्या खिशातून एक जुनी डायरी काढली आणि मुकादमाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या पुढचा, मुलीकडे राहत होता. तेरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बाई त्यांच्या त्या निफाडी डचमध्ये, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, की ते झाड उघड्यावर लावलं, उणे दोनमध्ये फुललेलं होतं, आणि आता फळांनी भरलंय!  मग म्हाताऱ्याचा बारीक आवाज मलाही ऐकू आला. तो विचारत होता, कुठलं झाड?

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “विसरलाय गं मेला! तेरा वर्षं मी याच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आणि याच्या लक्षातच नाही!”

 आता काय बोलावं, कसं सावरावं, मी शोधत होते. तोवर बाईंनी बादली पालथी घातली, साडी सावरून तिच्यावर बसल्या आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“लाउस्टर,” त्या म्हणाल्या, म्हणजे ऐक. आणि कोयींच्या त्या ढिगाऱ्यापासून, अगदी पहिल्यापासून, त्या त्याला सगळं सांगायला लागल्या.

फोनची बॅटरी संपत आली होती. मी चार्जर आणायला पळाले. वायर अंगणापर्यंत पोचेना, तेव्हा मिलिंद एक्स्टेंशन बोर्ड घेऊन धावत आला.